बेपत्ता व्यक्तींच्या काही बातम्या वृत्तवाहिन्या दिवसेंदिवस का चालवतात, आणि त्यामुळे माणूस सापडतो का?

माजलगाव तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षकांचा हा प्रश्न आहे. त्यांच्या वर्गातील एका मुलाची आई ऊसतोडीला गेली असताना दिवाळीनंतर फडावरच्या कोपीतून (पाचटाच्या झोपडीतून) बेपत्ता झाली. तिचा अद्याप ठावठिकाणा नाही आणि कोणत्याही वाहिनीवर तिच्याविषयी एक ओळ आलेली नाही. त्याच पंधरवड्यात एका मोठ्या शहरातील महाविद्यालयीन मुलगी घरातून निघून गेल्याची बातमी मात्र नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ चालू होती. असे का होते, आणि त्या मुलाच्या वडिलांनी एखाद्या वाहिनीच्या प्रतिनिधीला गाठावे काय, असे त्यांनी विचारले आहे. मी बीड आणि जालना येथे चौदा वर्षे जिल्हा प्रतिनिधी म्हणून आणि त्यानंतर नऊ वर्षे मुंबईत एका मराठी वृत्तवाहिनीच्या असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे कोणती बातमी घ्यायची हे ठरवणाऱ्या विभागात, काम केले आहे. बातमी पाठवण्याची आणि बातमी नाकारण्याची अशा दोन्ही जागा मी सांभाळल्या असल्याने उत्तर थोडे विस्ताराने देतो.

थोडक्यात सांगायचे तर, बेपत्ता व्यक्तीची बातमी निवडताना घटना किती गंभीर आहे यापेक्षा ती किती दिवस सांगत राहता येईल, हे पाहिले जाते. माणूस सापडण्याच्या कामी वाहिनीचा उपयोग एका मर्यादित गोष्टीपुरता होतो, आणि तो कसा करून घ्यावा हे शेवटी लिहिले आहे. पण आधी ही निवड कशी होते ते समजून घेतले पाहिजे, कारण ते न समजल्यामुळे अनेक कुटुंबे पहिले मोलाचे दिवस चुकीच्या दारात घालवतात.

अपघात, आग, खून या बातम्या घडून गेलेल्या असतात. पहिल्या दिवशी दृश्ये येतात, दुसऱ्या दिवशी अटक किंवा चौकशी, आणि तिसऱ्या दिवशी बातमी मागे पडते. बेपत्ता व्यक्तीची बातमी घडून संपत नाही. निवेदकाला दर तासाला ‘अद्याप शोध लागलेला नाही’ असे म्हणता येते, ते खरेही असते, आणि चोवीस तास बोलत राहण्याची सक्ती असलेल्या माध्यमाला असे वाक्य फार सोयीचे असते. डेस्कवर आम्ही तिला ‘चालणारी बातमी’ म्हणत असू. ती चालण्यासाठी नवी माहिती लागत नाही, साहित्य लागते: चेहरा स्पष्ट दिसणारा आणि शक्यतो हसरा फोटो, शेवटची दिसल्याची सीसीटीव्हीतील काही सेकंदांची चित्रफीत, जिच्यासमोर उभे राहून प्रतिनिधीला बोलता येईल अशी इमारत, कॅमेऱ्यासमोर बोलणारा नातेवाईक, आणि ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा एखादा परिचित. एवढे हाती असले की सकाळचा फोनो (प्रतिनिधीशी फोनवरचा संवाद), दुपारचा वॉकथ्रू (प्रतिनिधीने चालत दाखवलेले घटनास्थळ) आणि रात्रीची चर्चा असे चार-पाच दिवस एकाही नव्या तथ्याविना निघतात.

ही पद्धत आपल्याकडे जन्मलेली नाही. अमेरिकेत सीएनएन ही चोवीस तासांची वाहिनी १९८० मध्ये सुरू झाली, १९९६ मध्ये एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज आल्या, आणि त्यांच्या चढाओढीत बेपत्ता तरुणींच्या बातम्यांना वेगळेच स्थान मिळाले. २००१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमधील एका प्रशिक्षणार्थी तरुणीची बातमी तिथल्या वाहिन्यांवर महिनोन्‌महिने चालली आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर एका दिवसात पडद्यावरून नाहीशी झाली, वास्तविक त्या तरुणीचा तोपर्यंत शोध लागलेला नव्हता. २००५ मध्ये अरुबा बेटावर सहलीला गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हेच पुन्हा झाले. ज्येष्ठ पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये पत्रकारांच्या एका परिषदेत या प्रवृत्तीला ‘मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम’, म्हणजे ‘बेपत्ता गोऱ्या स्त्रीचा लक्षणसमूह’, असे नाव दिले, आणि ते नाव आजही माध्यमांच्या अभ्यासात वापरले जाते. त्यांचे म्हणणे असे होते की गोरी, तरुण, मध्यमवर्गीय स्त्री बेपत्ता झाली की प्रत्येक वाहिनी तिच्या मागे धावते आणि इतर कोणी बेपत्ता झाले तर कोणालाच पत्ता नसतो. २०२१ मध्ये वायोमिंग राज्यात प्रवासाला गेलेल्या एका गोऱ्या तरुणीची बातमी जगभर पोहोचली, तेव्हा त्याच राज्याचा एक अहवाल पुन्हा चर्चेत आला. २०११ ते २०२० या काळात तिथे मूलनिवासी समाजातील ७१० व्यक्ती बेपत्ता झाल्याची नोंद त्या अहवालात होती, आणि त्यांच्यापैकी कोणाचाही चेहरा सामान्य प्रेक्षकाला ठाऊक नव्हता.

आपल्याकडे कातडीच्या रंगाची जागा जात, वर्ग आणि शहर यांनी घेतलेली आहे. हे कोणी उघड बोलत नाही, परंतु प्रत्येक न्यूजरूममध्ये एक वाक्प्रयोग रूढ आहे: ‘चांगल्या घरातली मुलगी आहे.’ हे वाक्य फोनवर ऐकले की डेस्कवरचा माणूस ताठ बसतो. त्यामागे प्रेक्षकसंख्येचे गणितही आहे. वाहिन्यांची कमाई ज्या प्रेक्षकमापनावर ठरते त्यात २०१५ मध्ये बार्क या प्रेक्षकमापन संस्थेची पद्धत येईपर्यंत ग्रामीण घरे मोजलीच जात नव्हती. म्हणजे २००७-०८ च्या सुमारास मराठीत चोवीस तासांच्या वाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या, तेव्हा कोणती बातमी ‘चालते’ हे शिकवणारे आकडे केवळ शहरांतून येत होते. त्या वर्षांत जी सवय लागली ती मापन बदलल्यावरही सुटली नाही. जिल्ह्यातील स्ट्रिंगरला (पगार नसलेल्या स्थानिक बातमीदाराला) बातमी लागली तरच पैसे मिळतात, त्यामुळे जी लागणार नाही ती बातमी तो पाठवायचेच सोडून देतो, आणि मुंबईत बसलेल्या माणसाला मराठवाड्यातून असे काही येतच नाही असे प्रामाणिकपणे वाटू लागते.

प्रत्यक्षात किती येते ते पाहा. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशात अठरा वर्षांवरील १०,६१,६४८ स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील २,५१,४३० मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया १,७८,४०० आणि मुली १३,०३३ होत्या, म्हणजे एकट्या आपल्या राज्यात दिवसाला सरासरी पावणेदोनशे. यांतील बऱ्याच जणी पुढे सापडतात किंवा स्वतःहून परततात, म्हणून या आकड्यांवरून ‘इतक्या मुली गायब’ अशी आरोळी ठोकणे चूक आहे. परंतु रोज पावणेदोनशे नोंदींतून वाहिनीवर एक दिसते, तेव्हा ती एक कशी निवडली गेली हा प्रश्न शिल्लक राहतोच.

२०१२ च्या दुष्काळातील एका आठवड्यात माझ्याकडे दोन बातम्या होत्या. गेवराई तालुक्यातील एक ऊसतोड मजूर मला बीडच्या बसस्थानकावर भेटायला आला. त्याची बायको कोल्हापूरकडच्या एका फडावरून आठ दिवसांपूर्वी नाहीशी झाली होती. तिथल्या पोलीस ठाण्याने ‘तुमच्या गावाकडे तक्रार द्या’ म्हणून सांगितले होते आणि गावाकडच्या ठाण्याने ‘जिथे हरवली तिथे जा’ म्हणून सांगितले होते. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांची, उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून घेतलेली असल्याने फड सोडून तो दोनच दिवसांसाठी आला होता. त्याच्याकडे तिचा एकच फोटो होता, लग्नातील सामूहिक फोटोतून कात्रीने कापून काढलेला. त्यात तिचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा होता, त्यावर अर्धा पदर आलेला, आणि फोटोच्या मागे निळ्या शाईने कोणीतरी त्याच्या मेव्हण्याचा मोबाइल क्रमांक लिहून दिलेला होता. मी एक मिनिट दहा सेकंदांचे चित्रीकरण पाठवले. डेस्कवरून उत्तर आले की चेहरा दिसत नाही आणि दाखवायला काही नाही. ते बोलणारा माणूस निष्ठुर नव्हता. पुढे त्याच खुर्चीवर बसून मीही ती वाक्ये अनेकदा उच्चारली आणि तेव्हा मला ती पूर्णपणे व्यावसायिक वाटत होती. आज मला त्याची खंत आहे.

त्याच आठवड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत एकोणीस वर्षांची एक मुलगी बेपत्ता झाली आणि तिची स्कूटर एका तलावाजवळ सापडली. फोटो उत्तम होता, तलाव होता, अश्रू आवरणारे वडील होते. सहा दिवस ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) त्या बंगल्यासमोरून हलली नाही. तिसऱ्या दिवशीच त्या मुलीने पुण्यातून पोलिसांशी संपर्क साधून आपण स्वेच्छेने मैत्रिणीकडे आलो आहोत आणि सुखरूप आहोत असे कळवले होते. ती सज्ञान असल्याने तिचा पत्ता उघड करणे पोलिसांना योग्य वाटले नाही, आणि त्यांच्या मौनाचा अर्थ वाहिन्यांनी ‘गूढ वाढले’ असा लावला. उरलेले तीन दिवस तिचे मित्र, तिचे मोबाइलवरील संदेश, घरातील कथित वाद यांवर चर्चा झाली. काही वर्षांनी तिने ती चित्रफीत इंटरनेटवरून काढावी म्हणून वाहिनीला लिहिले, तेव्हा तिला उत्तरही मिळाले नाही. नोकरीच्या मुलाखतीला जाताना समोरच्याने आपले नाव शोधून पाहिले असेल का, या धास्तीत ती जगते, असे तिने मला सांगितले.

गेवराईची ती स्त्री सात महिन्यांनी सापडली. तापाच्या भरात ती चुकीच्या गाडीत बसली होती, दूरच्या एका जिल्ह्यात उतरली होती आणि तिथल्या निवारागृहात नाव न सांगता येणारी बाई म्हणून राहत होती. तिला वाहिनीने शोधले नाही, माझ्या बातमीनेही नाही. अखेर तिच्या गावच्या ठाण्याने जी मिसिंग (हरवल्याची नोंद) दाखल करून घेतली होती तिच्यातील वर्णन मी नंतर स्वतः पाहिले. रंग सावळा, बांधा सडपातळ, उंची अंदाजे पाच फूट, नेसणीस पोपटी साडी, पायात काही नाही, आणि शेवटी, उजव्या मनगटाच्या वर भावाचे नाव गोंदलेले. ही शेवटची ओळ सुटण्याच्या बेतात होती. ठाणे अंमलदाराने लिहून झाल्यावर ‘आणखी काही आठवते का’ असे विचारले, म्हणून नवऱ्याला गोंदण आठवले. त्या निवारागृहाच्या हद्दीतील एका महिला पोलीस शिपायाने बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या शोधपत्रिका (बेपत्ता व्यक्तीचे वर्णन इतर ठाण्यांना कळवणारी पत्रके) वाचताना ते नाव पाहिले आणि त्या बाईचा हात धरून बाही वर केली.

म्हणून सांगतो की शोधाचे खरे काम मिसिंगच्या नोंदवहीत आणि शोधपत्रिकेत होते. वाहिनीमुळे त्या कामाला कधी वेग येतो, हे नाकारता येणार नाही, कारण कॅमेरा आला की वरिष्ठांचे फोन येतात, स्थानिक गुन्हे शाखेकडे तपास जातो, मोबाइलचे सीडीआर (कॉलच्या नोंदी) तातडीने मागवले जातात. पण ठाण्यात माणसे तेवढीच असतात. एका नोंदीवर चार पथके लागली की उरलेल्या नोंदी तेवढे दिवस पडून राहतात. शिक्षकांच्या प्रश्नातील अन्याय नुसता पडद्यावरच्या जागेचा नाही, तो येथे आहे.

या अन्यायाची किंमत किती असू शकते हे दिल्लीलगतच्या नोएडाने दोनदा दाखवले. तिथल्या निठारी वस्तीतील गरीब कुटुंबे आपली मुले हरवल्याचे दीड-दोन वर्षे सांगत होती. तेव्हा तिथे कोणत्याही वाहिनीची गाडी गेली नाही, ती २००६ च्या डिसेंबरात नाल्यातून सांगाडे निघाल्यावर गेली. दिल्लीतील वाहिन्यांच्या कार्यालयांपासून ही वस्ती तासाभराच्या अंतरावर आहे. त्याच वर्षी जुलैत कुरुक्षेत्राजवळ कूपनलिकेत पडलेल्या मुलाचे सुमारे पन्नास तास थेट प्रक्षेपण याच वाहिन्यांनी केले होते, म्हणजे साधने नव्हती असे म्हणता येत नाही. पुढे मे २००८ मध्ये नोएडातच एका शाळकरी मुलीचा खून झाला आणि घरातील नोकर जागेवर नाही म्हणून तोच खुनी, असे दिवसभर सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर त्याचा मृतदेह सापडला. तो माणूस बेपत्ता होता. ‘बेपत्ता’ आणि ‘फरार’ या दोन शब्दांमधले अंतर गरीब माणसाच्या बाबतीत किती चटकन पुसले जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्या जिल्ह्यांत बाई बेपत्ता झाली की ‘पळून गेली’ हे शब्द येतात, तेही याच जातीचे आहेत, आणि ते प्रथम बहुधा ठाण्यातील बाकड्यावरच उच्चारले जातात.

आता कुटुंबाने काय करावे याकडे येतो. चोवीस तास थांबल्याशिवाय बेपत्ता व्यक्तीची नोंद घेता येत नाही, असा कोणताही कायदा नाही. बेपत्ता व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १० मे २०१३ च्या बचपन बचाओ आंदोलन प्रकरणातील आदेशानुसार अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून गुन्हाच दाखल करावा लागतो, आणि चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जावा लागतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक ठरवणारा नोव्हेंबर २०१३ चा ललिता कुमारी निकालही अल्पवयीन मुलीच्या अपहरणाच्या तक्रारीतूनच आलेला आहे. लहान मुलासाठी १०९८ आणि कोणत्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

शिक्षकांच्या विद्यार्थ्याची आई सज्ञान आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत आधी हरवल्याची नोंद होते. मात्र तिच्यावर कोणी जबरदस्ती केल्याचा, मुकादमाने किंवा अन्य कोणी तिला डांबल्याचा किंवा घातपाताचा संशय असेल, तर तो स्पष्ट शब्दांत लेखी द्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी एफआयआर घ्यावी लागते, म्हणजे ‘जिथे हरवली तिथे जा’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. ती डांबलेली असल्याचा काही आधार हाती असेल, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पसची (डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करण्याचा आदेश मागणारी) याचिका करता येते, आणि त्यासाठी लागणारा वकील उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबाला खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडून विनामूल्य मिळतो.

वाहिनीकडे जायचे असेल तर नोंद झाल्यानंतर जावे, आणि फक्त वर्णन, फोटो, शेवटचे ठिकाण व तपास अधिकाऱ्याचा क्रमांक एवढेच द्यावे. बोलण्यासाठी घरातील एकच माणूस ठेवावा. संशयितांची नावे, घरातील भांडणे, पैशांचे व्यवहार कॅमेऱ्यासमोर बोलू नयेत, कारण बातमी तिथून पुढे त्या भांडणावर चालते आणि फोटो मागे पडतो. खालून सरकणाऱ्या पट्टीत वर्णन दिवसभर चालवण्याची विनंती करावी, चर्चेत बसण्याचे निमंत्रण नाकारावे. दुसरा मुद्दा व्यक्ती सापडल्यानंतरचा आहे आणि तो जवळजवळ सगळे विसरतात. मुलगी अल्पवयीन असेल आणि तिच्यावर अत्याचार झाल्याचे पुढे आले, तर पॉक्सो कायद्याचे कलम २३, बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ यांमुळे तिची ओळख उघड करता येत नाही. शोधण्यासाठी कालपर्यंत दाखवलेला फोटो त्या क्षणापासून सर्वत्र काढला पाहिजे, यूट्यूबवरील चित्रफितींसह. तशी लेखी मागणी वाहिनीकडे आणि तपास अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी करावी, आणि वाहिनीने दाद दिली नाही तर वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाकडे तक्रार करावी.

शिक्षकांना एक विनंती आहे. आईच्या चेहऱ्याचा स्वतंत्र फोटो घरात नसेल, तर शाळेच्या कार्यक्रमांच्या फोटोंत, बचत गटाच्या अर्जावर, बँकेच्या पासबुकावर तो असण्याची शक्यता आहे. तो मोठा करून घ्यावा. नवऱ्याला आणि तिच्या माहेरच्या बायकांना वेगवेगळे बसवून तिच्या अंगावरील खुणा, गोंदण, भाजल्याचे वण, मोडलेला दात, कानाची फाटलेली पाळी असे सगळे विचारावे. माहेरच्या बायकांना नवऱ्यापेक्षा अधिक आठवते, हा माझा अनुभव आहे. ते कागदावर लिहून मूळ मिसिंग नोंदीला पुरवणी जबाब म्हणून जोडण्यास सांगावे आणि त्या कागदाची पोच घ्यावी. त्यानंतर ती शोधपत्रिका साखर कारखान्याच्या जिल्ह्यात, लगतच्या रेल्वे पोलिसांकडे आणि तिथल्या महिला निवारागृहांना खरोखर गेली की नाही, हे जावक क्रमांकासह दर पंधरा दिवसांनी विचारत राहावे.